नवव्या किलोमीटरची नोंद

फान साहेबांची मोटरसायकल नवव्या किलोमीटरला बंद पडली. टाकी उघडून बघायची गरज नव्हती. घाट सुरू होण्याआधी खालच्या पंपावर त्यांनी ती काठोकाठ भरून घेतली होती. दर बुधवारी ते त्याच पंपावर, त्याच नळीपाशी उभे राहून टाकी भरत, आणि पुढे घाटभर पस्तीसच्या वर काटा जाऊ देत नसत. चूशान गावच्या नगर वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केलेल्या माणसाला दुसऱ्या कुठल्या रीतीने मोटरसायकल चालवता येत असेल, असं वाटत नाही.

गाडी एकदम मेली नाही. आधी तिचा जोर गेला, मग ती खोकली, मग दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी दोन पावलं सरकली आणि थांबली. दोन्ही बाजूंना बांबूचं रान, धुकं खाली उतरलेलं, आणि वळणावर समोर कमरेएवढं एक देऊळ. देऊळ म्हणजे तीन भिंती, कौलांचं छप्पर आणि आत एक झाकण घातलेला मातीचा रांजण. रस्ते खोदताना, पुरात, दरडीत ज्यांची हाडं सापडतात आणि न्यायला कुणी येत नाही, त्यांना अशा ठिकाणी ठेवतात. वर विटलेलं तांबडं कापड होतं. त्यावर लिहिलेलं होतं : मागाल ते मिळेल.

फान साहेबांनी काही मागितलं नाही. ते फार भिडस्त होते. हॉटेलात दुसऱ्यांदा भात मागायचीही त्यांना लाज वाटायची. पण कुणाच्या दारात उभं राहायचं आणि नमस्कार करायचा नाही हेही बरं दिसेना. म्हणून तिथल्या डब्यातली एक उदबत्ती त्यांनी लावली आणि ती संपेपर्यंत दगडावर बसून पिशवीतलं पुस्तक काढलं. आज ताईला वाचून दाखवायचं प्रकरण एकदा मोठ्याने वाचून ठेवावं, असा विचार. निरनिराळ्या पात्रांचे निरनिराळे आवाज काढायची त्यांना लाज वाटे, आणि इथे ऐकायला कुणी नव्हतं. उदबत्ती विझली. त्यांनी किक मारली. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

पुढच्या बुधवारी तेच. तीच जागा, तोच खोकला, तीच उदबत्ती, तीच पहिली किक.

ही ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय शहाऐंशी, घाटाच्या माथ्यावरच्या चहाच्या गावात एकटी राहणारी, खाली यायला सपशेल नकार दिलेली. तिची नजर गेली होती, पण जीभ शाबूत होती. एस.टी.सारखी एक बस पूर्वी वर जायची. प्रवासी नाहीत म्हणून ती दोन वर्षांपूर्वी बंद झाली. तेव्हापासून दर बुधवारी फान साहेब अठरा किलोमीटर चढून जात आणि तिला रहस्यकादंबरीचं एक प्रकरण वाचून दाखवत. सध्याच्या कादंबरीची वीस प्रकरणं होती आणि पंधराव्यापर्यंत गाडी आली होती. ताई पहिल्या प्रकरणापासून म्हणत होती, "खुनी तो डॉक्टरच. मी त्याचं खोकणंच ओळखते." आठवड्यातून तिच्या घरी येणारं माणूस म्हणजे फान साहेब एवढे एकच.

घरी आल्यावर फान साहेबांनी नोंदपत्रकं केली. जुन्या वाचनालयातली पुठ्ठ्याची कोरी कार्डं त्यांच्याकडे एका खोक्यात होती. तारीख, हवा, पेट्रोल, कुठे बंद पडली, किती वेळाने सुरू झाली, आणि सवयीने, वाचलेलं प्रकरण. दोन कार्डं झाली तेव्हा त्यांनी ती बायकोला दाखवली. ही पहिली चूक.

"अहो," सू-चू म्हणाली, "सातवा महिना परवा लागतोय."

चांद्रवर्षाच्या सातव्या महिन्यात खालचे दरवाजे उघडतात आणि ज्यांना घर नाही ते वर येतात. त्या महिन्यात त्यांना कुणी भूत म्हणत नाही, भाऊ म्हणतात. नदीत पोहत नाहीत, लग्न ठरवत नाहीत, नवी गाडी घेत नाहीत आणि जुनी विकत नाहीत. हे सगळं फान साहेबांना माहीत होतं आणि त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. म्हणजे, दिवसा नव्हता.

"देवळासमोरच का बंद पडते मग?"

"योगायोग."

"दोनदा?"

"दोनदा म्हणजेच योगायोग. तीनदा झालं तर विचार करू."

"तीनदा होईपर्यंत मी थांबत नाही," असं म्हणून सू-चू शेजारी गेली. शेजारी ज्येन पोस्टमास्तर राहत होते. चाळीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे कुठलीही गोष्ट योग्य पत्त्यावर पोचवणं हे ते आपलं कर्तव्य समजत. संध्याकाळी गल्लीतल्या बाकावर सगळी मंडळी चहाला जमली तेव्हा फान साहेबांची मोटरसायकल एखाद्या आजारी नातेवाइकासारखी मध्ये उभी होती.

"भाऊ लोकांना कोणीतरी पाहिजे असतं," ज्येन म्हणाले. "फान साहेब, तुम्ही उदबत्ती लावलीत ना? म्हणजे ओळख झाली."

"शिष्टाचार म्हणून लावली."

"पोस्टातही तसंच. एकदा पत्राला उत्तर दिलं की माणूस लिहीतच राहतो."

ताइपेइहून मुलीचा फोन आला. यी-रूला हे कळवायला सू-चूला जेवणाची वेळ होईपर्यंतही धीर निघाला नव्हता.

"बाबा, तुम्ही एकोणसत्तर वर्षांचे आहात. ती गाडी तुमच्याएवढीच वाटते. घाटात कुठेतरी पडाल आणि आम्हाला कळणारही नाही."

"पडत नाही ती. थांबते."

"या महिन्यात गाडी विकत नाहीत म्हणून मी गप्प बसते. महिना संपता संपता मी भंगारवाल्याला घेऊन येते. त्याआधी एकदा, फक्त एकदा, मला मागे बसवून न थांबता आत्याकडे नेऊन दाखवा. मग ठेवा तुमची गाडी."

"आणि नाही नेली तर बुधवारी ताईकडे कोण जाणार?"

मग यी-रू म्हणाली, "आत्याला एखादा रेडिओ घेऊ."

त्या रात्री फान साहेबांना झोप लागली नाही. रेडिओला कोणी 'खुनी डॉक्टरच' असं सांगू शकत नाही.

सकाळी ते गाडी घेऊन आ-हुओकडे गेले. आ-हुओचं गॅरेज नदीकाठी होतं. पन्नाशीचा माणूस, तोंडात सुपारी, बोटं कायमची काळी. त्याने आधी टाकीचं टोपण फिरवून काढलं, आत बघितलं, पुन्हा लावलं, प्लग बदलला, आणि गाडी नदीकाठच्या रस्त्यावर तीनदा पळवून आणली. ती वाऱ्यासारखी पळाली.

"काही झालेलं नाही हिला."

"डोंगरात होतं."

"मग डोंगराला आणा माझ्याकडे," आ-हुओ म्हणाला आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसला. फान साहेब शिष्टाचार म्हणून थोडे हसले. आपला अपमान झाला की काय हे त्यांना नेहमी घरी पोचल्यावर कळायचं.

धूर तपासणीच्या केंद्रातही असंच झालं. जुन्या गाड्यांना दरवर्षी तिथे जावं लागतं. खिडकीतल्या बाईंनी नळी लावली, आकडा पाहिला आणि शिक्का मारला. "उत्तम."

"ती अधूनमधून बंद पडते. तसं कुठे लिहिता येईल का?"

"फॉर्मवर 'चालू' आणि 'बंद' असे दोनच रकाने आहेत, आजोबा. अधूनमधूनचा रकाना नाही."

आजोबा या शब्दावर ते स्कूटरच्या रांगेत बराच वेळ उभे राहिले. मग घरी येऊन त्यांनी नगरपालिकेला एक अर्ज लिहिला : घाटरस्त्यावर नवव्या किलोमीटरला असलेल्या देवळाची देखभाल कोण करतं, ते कधी बांधलं आणि त्यात कोण आहे. काही निष्पन्न होईल अशी त्यांना आशा नव्हती. पण नोंद असलेली गोष्ट माणसाला कमी भिववते, असा त्यांचा अनुभव होता.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी पहिल्यांदा बंद पडली त्याच्या थोडं आधी सू-चू मात्सू देवीच्या देवळात गेली होती आणि तिथून गाडीला लावायचं एक गोल स्टिकर घेऊन आली होती. मधोमध देवी, पायाखाली लाटा, भोवती 'जाता-येता सुखरूप'. गाडीवर कुठे लावावं हा प्रश्नच पडला नाही. टाकीच्या टोपणावर ते असं चपखल बसलं की जणू देवळाने टोपणाचं माप घेतलं होतं. आता परिस्थिती गंभीर झाली म्हणून ज्येन पोस्टमास्तरांनी आपल्या गावच्या देवळातून दुसरं आणलं आणि पहिल्याच्या वर अंगठ्याने घोटून घोटून बसवलं.

"ही आमची मात्सू जरा कडक आहे," ते म्हणाले. "समुद्रात वादळ थांबवते. तुमचा घाट काय!"

तिसऱ्या बुधवारी गाडी नवव्या किलोमीटरला बंद पडली नाही. ती सातव्या किलोमीटरला, पुलावर, बंद पडली.

फान साहेब कठड्याला टेकून उभे राहिले. खाली पाण्याचा आवाज होता पण पाणी दिसत नव्हतं. पिशवीतल्या डबीत घरून आणलेल्या उदबत्त्या होत्या. एक लावून कठड्याच्या फटीत खोचली. सोळावं प्रकरण हळू आवाजात वाचलं. त्या प्रकरणात डॉक्टरचं हातमोज्यांचं खोकं सापडतं. वाचता वाचता त्यांना सारखं वाटत होतं की वरच्या वळणावर कुणीतरी वाट बघतंय आणि आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून कान पुढे करतंय.

"खाली उतरलाय," संध्याकाळी ज्येन म्हणाले. त्यांनी बाकावर बोटाने नकाशा काढला. "नऊ, मग सात. दोन किलोमीटर."

"कोण?"

"नाव कशाला घ्यायचं!"

सू-चूने त्या रात्री मागच्या दाराला दोनदा कडी घातली.

आ-हुओने या वेळी गाडी मनावर घेतली. टोपणाच्या आतलं रबर चिरलेलं दिसलं, तसंच नवं मागवायला टोपणच दुकानात पाठवलं आणि टाकीच्या तोंडात एक स्वच्छ फडकं कोंबून दिलं. "आठवडाभर असं चालवा. सांडणार नाही. हळू जा." हळू जाण्याबद्दल फान साहेबांना सांगायची गरज नव्हती.

त्या बुधवारी पूल आला आणि गेला. गाडी बंद पडली नाही. फान साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेटच्या आत शीळ घातली. आठवा किलोमीटर गेला. वळण आलं. धुक्यातून तांबडं कापड दिसलं, आणि गाडी खोकली, सरकली, देवळासमोर थांबली.

हवा अजिबात हलत नव्हती. बांबू मात्र मधूनच कुरकुरत होते. फान साहेबांनी उदबत्ती लावली, सतरावं प्रकरण वाचलं, आणि वाचता वाचता मान वर केली तेव्हा रांजणाचं झाकण त्यांना किंचित तिरकं दिसलं. आधीही तसंच होतं की काय, हे त्यांना आठवेना. नोंद केली नव्हती.

टोपण परत आलं. नवीन रबर घट्ट बसलं. आता आ-हुओच्याही इभ्रतीचा प्रश्न होता. त्याने तिसरं स्टिकर आणलं, आपल्या आईच्या देवळातलं, आणि कडा गरम करून पक्कं चिकटवलं. "हे मरेपर्यंत निघणार नाही," तो म्हणाला. कोण मरेपर्यंत हे त्याने सांगितलं नाही.

पाचव्या बुधवारी गाडी चौथ्या किलोमीटरला, बांबूच्या कारखान्यासमोर, बंद पडली. बाहेर काड्या चिरणाऱ्या बायकांनी हात थांबवून पाहिलं. फान साहेबांनी त्यांच्यासमोर अठरावं प्रकरण वाचायचा प्रयत्न केला, पण प्रेताचं वर्णन आल्यावर शरमेने त्यांचा आवाज बसला. एक बाई म्हणाली, "आजोबा, मंत्र आहे का हो?" दुसरी म्हणाली, "गप गं, तोंडावर विचारू नये."

संध्याकाळी बाकावर कोणी विनोद केला नाही. ज्येन पोस्टमास्तरांनी कागदावर आकडे मांडले होते. नऊ, सात, चार. मधल्या फडक्याच्या आठवड्याला त्यांनी सूट दिली होती. "पुढच्या वेळी दोन," ते म्हणाले. "दोन म्हणजे शाळा. आणि त्याच्या पुढच्या वेळी..." त्यांनी बोट गल्लीच्या तोंडापर्यंत आणलं आणि फान साहेबांच्या दाराशी थांबवलं.

"महिना त्याच्या आधी संपतो," फान साहेब म्हणाले.

"दोन दिवस आधी," सू-चू म्हणाली. तिने मोजलेलं होतं. "त्यांनाही घाई असणार."

शेवटच्या बुधवारी गाडी दोन किलोमीटरला, शाळेच्या कुंपणाशी, बंद पडली. फान साहेबांना अंदाज होताच. एक उदबत्ती. मग पाचव्यावर एक उदबत्ती. मग अकराव्यावर. मधलं देऊळ मात्र त्या दिवशी गाडीने न थांबता ओलांडलं, आणि ते बरं वाटण्याऐवजी त्यांना भलतंच वाटलं. पाठीवर कोणीतरी हात ठेवून 'आज नाही का?' असं विचारावं तसं. त्यांनी मागे पाहिलं नाही. पस्तीसचा काटा त्यांनी त्या दिवशी प्रथमच ओलांडला.

ताईच्या दारात ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. ताई चुलीपुढे बसून रताळी तळायच्या तयारीत होती. मांडीत तेलाचा नवा डबा, हातात खिळा.

"धाकट्या, आवाज ऐकला तुझ्या गाडीचा. दमलेली आहे. आज दोन प्रकरणं वाचायची. तुझी गाडी भंगारात गेली तर मी खुनी कळल्याशिवाय मरायचं का?"

"कोणी सांगितलं भंगाराचं?"

"मला डोळे नाहीत. फोन आहे."

फान साहेब पायरीवर बसले आणि सहा आठवड्यांत कोणाशी बोलले नव्हते ते बोलले. नऊ, सात, चार, दोन. देऊळ, रांजण, झाकण. आपण भित्रे आहोत, आणि शिवाय मूर्ख आहोत, आणि दोन्हीपैकी जास्त काय हे ठरत नाही, हेही सांगितलं. ताईने ऐकता ऐकता खिळ्याने डब्याला एक भोक पाडलं आणि डबा कढईवर उलटा केला. तेल आलं, गुळगुळ करून अडखळलं आणि थांबलं.

"बघ, बोलण्याच्या नादात विसरले." तिने डबा चाचपून दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं. तेल सरळ धारेने पडू लागलं.

फान साहेब कढईकडे बघत राहिले.

"ताई, दुसरं भोक कशाला?"

"वाचनालयात हे नव्हतं वाटतं? वरून हवा आत गेली नाही तर खालून तेल कसं येईल? डब्यालाही श्वास लागतो, मूर्खा."

ते उठले आणि अंगणात गेले. टोपणाच्या कडेशी, त्यांना आठवत होतं, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. आता तिथे लाटा होत्या. एकावर एक तीन समुद्र. टाकी भरलेली, हवा आत जायला जागा नाही. थोडं पेट्रोल खाली उतरलं की उरलेलं वरच अडकायचं. उदबत्ती जळेपर्यंत कुठून तरी चोरून हवा शिरायची आणि गाडी सुरू व्हायची. जितकी स्टिकरं आणि रबर दिवसेंदिवस घट्ट, तितकं लवकर गुदमरणं. आ-हुओ आधी टोपणच उघडत होता, म्हणून त्याच्याकडे काही होत नव्हतं. कुणीही खाली उतरत नव्हतं. त्यांच्या सुखरूपतेसाठी तीन देव्यांनी मिळून त्यांच्या गाडीचं नाक दाबलं होतं.

"काढून टाक मग," आतून ताई म्हणाली.

"देवीला?"

सहा आठवड्यांत सगळ्यांनी ते टोपण पाहिलं होतं, फिरवलं होतं, नमस्कारही केला होता. पण देवीला नखाने सोलून काढायचं कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं. फान साहेबांच्याही हाताला ते जमेना. शेवटी ताईच्या देव्हाऱ्यातल्या दोन लाकडी चंद्रकोरी घेऊन त्यांनी देवीलाच विचारलं. एक उताणी आणि एक पालथी पडली तर होकार.

"काढू का?" दोन्ही पालथ्या. नाही.

"निदान वरची दोन काढू का?" दोन्ही उताण्या.

"काय पडलं?"

"दोन्ही उताण्या."

"हसतेय तुला. प्रश्न नीट विचार. कारकुनासारखा."

फान साहेबांनी चंद्रकोरी पुन्हा हातात जुळवून धरल्या. मग अर्ज लिहावा तशा सुरात म्हणाले, "देवी, आपण आहात तिथेच राहावं. फक्त आपल्या पायाखालच्या लाटेत, आपल्याला धक्का न लावता, सुईएवढं एक भोक पाडण्याची परवानगी मिळावी." एक उताणी, एक पालथी. तीनदा टाकल्या, तीनदा तेच.

ताईची गोधडी शिवायची सुई तिन्ही समुद्रांतून आरपार गेली तेव्हा आत एक लांब फुस्स आवाज झाला. इतका लांब, की पाण्याखाली दम कोंडून बसलेलं कुणी सहा आठवड्यांनी वर आलं असावं. अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. मग ताईने दोन्ही प्रकरणं वाचून घेतली. खुनी डॉक्टर नव्हता. ताईने लेखकाला शिव्या दिल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी यी-रू आली. भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी ट्रक लावून चहा पीत बसला. फान साहेबांनी टाकी काठोकाठ भरली, मुलीला मागे घेतलं, आणि ज्येन पोस्टमास्तर स्कूटरवरून साक्षीदार म्हणून मागोमाग आले. शाळा गेली. कारखाना गेला, बायकांनी हात जोडले. पूल गेला. नवव्या किलोमीटरला, तांबड्या कापडासमोर, गाडी एकदा, एकदाच, अडखळली.

"बाबा, काय झालं?"

"खड्डा होता."

रस्ता सपाट होता. माथ्यावर ताई दारात उभी होती. यी-रूने हेल्मेट काढलं, आत्याच्या हातची रताळी खाल्ली, आणि गच्च भरलेल्या तोंडाने म्हणाली, "ठेवा. पण बुधवारी पोचलात की फोन करायचा." संध्याकाळी ट्रक रिकामा गेला. बाकावर ज्येन पोस्टमास्तरांनी जाहीर केलं की तीन देव्या होत्या म्हणून निभावलं.

फान साहेबांनी नोंदपत्रकं आवरायला घेतली. सहा कार्डं. पाच कार्डांचा हिशोब आता लहान मुलालाही समजला असता. चौथं कार्ड त्यांनी दिव्याजवळ धरलं. *टोपण नाही. फडकं. नववा किलोमीटर.* फडक्यातून हवा जाते. टाकी त्या दिवशी मोकळा श्वास घेत होती. मग ती का थांबली? प्लगवर दव असेल, आ-हुओ म्हणाला असता. असेलही. मग त्यांची नजर शेवटच्या रकान्यावर गेली.

वाचलेलं प्रकरण. चौदा, देऊळ. पंधरा, देऊळ. सोळा, पूल.

आणि पुढच्या बुधवारी, सतरा, देऊळ.

सकाळी नगरपालिकेचं उत्तर आलं. नवव्या किलोमीटरला कोणत्याही देवळाची कार्यालयात नोंद नाही. फान साहेबांनी पत्र चौथ्या कार्डाच्या मागे लावलं आणि वाचनालयात जाऊन तीच रहस्यकादंबरी मागितली.

"हे तर तुम्ही परवाच परत केलंत," खिडकीतली मुलगी म्हणाली. "तीनदा मुदत वाढवून. खुनी विसरलात की काय, साहेब?"

"नाही," फान साहेब ओशाळून म्हणाले. "काही मंडळींना सांगायचं राहून गेलं."

बुधवारी ते नेहमीपेक्षा तासभर आधी निघाले. गाडी सुरेख चालत होती. नवव्या किलोमीटरला त्यांनी स्वतःच किल्ली फिरवून ती बंद केली. धुकं होतं. उदबत्ती लावली, दगडावर बसले, घसा साफ केला आणि सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त केली. मग सोळावं वाचलं, अठरावं वाचलं, एकोणिसावं आणि विसावं वाचलं, सगळ्या पात्रांच्या निरनिराळ्या आवाजांत, न लाजता. खुन्याचं नाव आलं तेव्हा कुरकुरणारे बांबू थांबले.

फान साहेबांनी पुस्तक मिटलं. आत रांजणाचं झाकण सरळ बसलेलं होतं.

"आमच्या ताईलाही डॉक्टरच वाटला होता," ते म्हणाले, आणि किक मारली.